सेकिनातची आई

टॅक्सीच्या मागच्या सीटवर तिसरी बाई चढली, सेकिनात खिडकीकडे सरकली, आणि कुणीतरी तिला नावाने हाक मारली. ती ‘ओ’ देणारच होती. ओठ उघडलेही होते, पण डोळ्यांखाली सगळा चेहरा काळ्या कापडात होता म्हणून ते कुणाला दिसले नाहीत. हाक रेडिओतून आली होती. सेकिनात, आम्ही तुला विचारतो, आकिनलोये म्हणत होता, आणि असा थांबला होता की जणू ती त्याच्यासमोर स्टुलावर बसली आहे आणि उत्तर द्यायला उशीर करते आहे. त्याचा ‘कोलाची फोड’ हा कार्यक्रम, पाहुण्यापुढे ठेवतात त्या कडू कोला-बीच्या नावाचा, सकाळी इबादान शहरातल्या सगळ्या टॅक्सींत एकदम वाजतो. एक गाडी पुढे निघून गेली तर तिचं अर्धं राहिलेलं वाक्य मागून येणारी पुरं करते. सेकिनातने ओठ मिटले. कापड थोडं तोंडात आलं होतं, त्याला डांबरगोळीचा वास होता.

अल्हाजी गनियूंचं घ्या, रेडिओ म्हणाला. केवढं मोठं मन. मुसलमान माणूस, मक्केला जाऊन आलेला, पण एका ख्रिस्ती बाईच्या मातीला गेला, चार शब्द बोलला, रडणाऱ्यांना हसवून आला. याला म्हणतात माणुसकी, याला म्हणतात इबादानचा मुलगा. आता सेकिनातचं घ्या. तीच कबर, तोच माइक. डोळे मिटून, हात वर करून, तीन-तीनदा दुसऱ्यांच्या देवाचं नाव. बाई गं, तुझी म्हातारी आई तेव्हा जिवंत होती ना

आणि इथे ड्रायव्हरने खड्डा चुकवला, टोमॅटोची टोपली मांडीवर घेतलेली मधली बाई सेकिनातवर कलंडली, ‘माफ करा हां, अल्हाजा,’ म्हणाली. अल्हाजा. मक्केला जाऊन आलेल्या बाईला म्हणतात ते. बुरख्यामुळे. सेकिनात मक्केला गेली होती, गनियूच्याच विमानात, दोन सीट मागे. परत आल्यावर सिनेमाच्या पोस्टरवर तो ‘अल्हाजी गनियू’ झाला आणि ती सेकिनात राहिली. निर्माता म्हणाला होता, ‘तुला अल्हाजा लिहिलं तर लोकांचा घोळ होईल. चर्चमधली संदेष्टी अल्हाजा कशी असेल?’ ‘आणि चर्चमधला बिशप अल्हाजी कसा असेल?’ तिने विचारलं होतं, कारण पडद्यावर ती संदेष्टी व्हायची तसा गनियू बिशप. ‘ते चालतं,’ निर्माता म्हणाला होता, आणि त्यात त्याचा काही कावा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. पोस्टरवरून गेलेला तो मान आज चेहरा झाकल्यावर टोमॅटोवालीने एका धक्क्यात देऊन टाकला होता.

‘पण दोघांनी एकच तर केलं,’ पलीकडच्या खिडकीशी बसलेली मुलगी म्हणाली. बँकेत नाहीतर दुकानात कामाला असावी, गळ्यात ओळखपत्राची निळी दोरी होती.

‘एकच कसं?’ ड्रायव्हर म्हणाला. ‘अल्हाजी गंमत करत होते. बिशपच्या आवाजात बोलले, लोक हसले, संपलं. ती कुठे गंमत करत होती? मी व्हिडिओ बघितलाय ना, पुन्हा पुन्हा बघितलाय. ती खरंच मागत होती देवाकडं.’

‘मूल ना बाळ,’ टोमॅटोवाली म्हणाली, ‘मग असलं काहीतरी सुचतं बाईला.’

‘आमच्या पास्टरनं तर सांगितलं,’ निळ्या दोरीवाली म्हणाली, ‘ती आमच्यात आली म्हणून. टाळ्या वाजवल्या आम्ही. दुसऱ्या आठवड्यात हीच म्हणते, मी मुसलमानच आहे. म्हणजे काय? येशूचं नाव काय भाड्यानं घेतलं होतं?’

‘बघ,’ टोमॅटोवाली म्हणाली. ‘म्हणजे तुम्हालाही नको, आम्हालाही नको.’

‘तरी सिनेमा तिचाच बघता ना, मावशी?’ मुलीने विचारलं.

‘बघते की. रडते पण,’ टोमॅटोवाली म्हणाली आणि सगळे हसले. ड्रायव्हर हसला. सेकिनातच्या खांद्याला टोमॅटोवालीचा खांदा लागलेला होता, ते हसू खांद्यातून तिच्यात आलं आणि तिचाही खांदा हलला, बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं चौघंही हसताहेत.

ती खरंच मागत होती. तीन आठवडे लोक बोलत होते, नरकात जाईल म्हणत होते, वय झालं तरी गळा उघडा ठेवते म्हणत होते, वांझ म्हणत होते. पण हे कुणी म्हटलं नव्हतं. हे एका टॅक्सीवाल्याला दिसलं होतं आणि तो ते आरोप म्हणून सांगत होता. ती खिडकीबाहेर पाहू लागली. उतारावर गंजलेल्या पत्र्यांची छपरं एकात एक अडकून खाली गेली होती, तपकिरी, सगळीच तपकिरी, आणि त्या उताराच्या तळाशी कुठेतरी ओजेचा बाजार, आणि बाजाराच्या मागे आईचं घर, आणि घरापुढे आत्ता मांडव. आज आठवा दिवस. आई गेली तेव्हा सेकिनात लांबच्या गावी चित्रीकरणात होती. माती त्याच दिवशी करतात, कुणासाठी थांबत नाहीत, ती पोचली तेव्हा धाकट्या भावाच्या, लुकुमानच्या पायाला कबरीची लाल माती वाळलेली होती. तेव्हा हा आठवा दिवस तेवढा तिच्या हाती उरला होता. आठव्याला मौलवी येतात, गल्ली अडवून मांडव घालतात, कुराण वाचतात, गेलेल्याचं नाव माइकवरून घेतात आणि सगळी गल्ली आमीन म्हणते. त्या आमीनमध्ये तिला बसायचं होतं. एवढंच. बाकी तिला कुणाकडून काही नको होतं.

लुकुमानचा फोन काल आला होता. ‘ताई, मशिदीच्या कमिटीचे लोक म्हणतात, एक छोटासा व्हिडिओ टाक. चुकले म्हणायचं, सैतानानं भुलवलं म्हणायचं, बस. मग तू बायकांत पुढं बस. नाहीतर मौलवीसाहेब म्हणतात, आम्हाला यायला अवघड होईल.’ तिने विचारलं, ‘गनियू टाकणार आहे का व्हिडिओ?’ फोनमागे गल्लीत कुणीतरी खुर्च्या उतरवत होतं. ‘ते कशाला टाकतील? ते प्रमुख पाहुणे आहेत.’ आणि मग हळू आवाजात, ‘आणि गाडी आणू नकोस. तुझी गाडी पोरं ओळखतात.’

संध्याकाळी गनियूचाही आला. गनियू वाईट माणूस नव्हता, हीच पंचाईत होती. ‘अगं, टाकून दे ना. रडायचं थोडं. तुला काय अवघड आहे? माझं तर मी विसरूनसुद्धा गेलो.’ ‘तुला कुणी विचारलंच नाही, मग विसरायला काय?’ ती म्हणाली. तो मनापासून हसला. ‘खरंय. मला कोण विचारतंय? तुला मानतात म्हणून तुला विचारतात. मी नुसता विदूषक.’ त्याने फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की त्याने तिचं कौतुक केलं होतं, आणि त्या कौतुकाने तिला एकटीला उभं करून तो बाजूला झाला होता.

हातातल्या फोनची काच तापली होती. टॅक्सी चढ चढत होती. तिने मनातल्या मनात जुळवून पाहिलं.

अस्सलाम आलेकुम. मी सेकिनात. मागे एका अंत्यविधीत माझ्याकडून

(इथे चूक म्हणायचं.)

अस्सलाम आलेकुम. माझी मैत्रीण फेलिशिया वारली तेव्हा दुःखाच्या भरात मी

(दुःखाचा भर नव्हता. डोकं स्वच्छ होतं. माती ओली होती, चपलेला लागत होती, हेसुद्धा दिसत होतं.)

भावांनो, बहिणींनो, मी एक नटी आहे. नटीला सवय असते. सवयीने तोंडातून

हे बरं होतं. हे अर्धं खरंही होतं. वीसेक वर्षं ती पांढऱ्या झग्यांच्या चर्चमधली संदेष्टी झाली होती, एका सिनेमातून दुसऱ्या सिनेमात, तोच झगा, तीच हातातली घंटा, तेच अनवाणी पाय. इया वोली. वोली म्हणजे संदेष्टी, आणि इया म्हणजे आई. पहिलं मूल झालं की बाई त्याच्या नावाची आई होते, तिचं स्वतःचं नाव बाजूला पडतं, नवरासुद्धा घेत नाही, ही इथली रीत. सेकिनातला मूल झालं नाही, दोन्ही नवऱ्यांकडून नाही, तेव्हा तिला कुणीच इया म्हणालं नसतं. सिनेमाने म्हटलं. बाजारात बायका तिच्यापुढे गुडघे टेकायच्या, तापलेली लेकरं तिच्या हातात द्यायच्या, इया वोली, जरा हात ठेवा. ती सांगायची, अगं मी मुसलमान आहे, ते सगळं खोटं असतं, आणि बायका म्हणायच्या, हो हो, पण हात ठेवा. ती हात ठेवायची. ताप लागायचा हाताला. घरी जाऊन हात धुतला तरी काही वेळ तो तापलेलाच वाटायचा.

तर फेलिशियाच्या कबरीपाशी आधी गनियूला माइक दिला. तो बिशपचा आवाज काढून म्हणाला, प्रभू, या बाईला आत घे, पण जरा जपून, ही तुझ्या देवदूतांच्या झग्यांची शिवण उसवून पुन्हा घालेल; आणि सगळे रडता रडता हसले, कारण ते खरं होतं, फेलिशिया कपडेपटातली, तिला कुणाची शिवण पसंत पडायची नाही. मग कुणीतरी म्हणालं, इया वोली, तुम्ही. आणि माइक हातात आला. तिने डोळे मिटले. आता संवाद येईल असं तिला वाटलं, वीस वर्षांचे संवाद होते, कुठलाही चालला असता. पण संवाद आला नाही. आली ती फेलिशियाची बोटं, तोंडात टाचण्या धरून तिच्या झग्याचा घेर घालताना कमरेशी फिरणारी, दर सिनेमाला थोडी अधिक सुजलेली. आणि सेकिनातला एकदम वाटलं, हिला एकटीला पाठवायचं नाही. हिला ज्याच्याकडे जायचं आहे त्यालाच सांगायला हवं, त्याच्याच नावाने सांगायला हवं, दुसऱ्याच्या दारी आपल्या घरचा पत्ता सांगून काय उपयोग. तिने सांगितलं. तीनदा सांगितलं. हात वर गेला तो सवयीने गेला असेल. बाकी काही सवयीने झालं नाही. आयुष्यभर खोट्या प्रार्थना केलेल्या बाईची ती एक खरी निघाली होती, आणि आता तिला फोनसमोर उभं राहून म्हणायचं होतं की सैतानाने भुलवलं. म्हणजे फेलिशिया पुन्हा तिथे, दाराबाहेर, एकटी. आज चेहऱ्यावर होता तो बुरखाही फेलिशियानेच शिवलेला, कुठल्यातरी सिनेमासाठी, दुसऱ्याच एका नटीच्या मापाचा. नाकाशी जरा सैल होता.

आईने तो व्हिडिओ पाहिला होता. शेजारच्या पोरांनी दाखवला होता, मुद्दाम. त्या रात्री सेकिनात फोन धरून बसली होती, आई काय म्हणेल. आई बाजारात बसलेली बाई, तिला शब्द तोलता यायचे. सबंध जन्म तिने ओजेच्या बाजारात हातमागाचं कापड विकलं, अरुंद पट्ट्यांचे गोल गुंडाळे, त्यांतलं निळं-काळं तिचं खास; लग्न चर्चमधलं असो की मशिदीतलं, त्याच गुंडाळ्यातून ती दोन्हीकडच्या बायकांना फाडून द्यायची. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. ‘आवाज बसलाय तुझा,’ आई म्हणाली. ‘थंड पाणी पितेस. आलं चघळ.’ आणखी काही नाही. सेकिनात ‘बरं’ म्हणाली. त्यानंतर आईचा आवाज नाही. त्या एका वाक्याला तिने इतके दिवस उलटंपालटं करून पाहिलं होतं, आत काही शिवलेलं आहे का, माफी आहे का, राग आहे का. आत फक्त आलं होतं.

‘ओजे, ओजे,’ ड्रायव्हर म्हणाला. ‘अल्हाजा, जपून उतरा. आमच्यासाठी दुवा करा.’

तिने मान हलवली. बोलली नाही. आवाज सगळ्या शहराला माहीत होता.

गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लावला होता. आईचा फोटो मोठा केला की चेहरा मऊ होतो तसा झाला होता, डोक्याला तेच निळं-काळं कापड, आणि खाली सोनेरी अक्षरांत: आमची लाडकी आई, इया लुकुमान. सेकिनात थांबली. मागून येणारा एक माणूस तिच्यावर आदळून, पुटपुटून पुढे गेला. तिने पुन्हा वाचलं. सबंध ओजेला आई इया सेकिनात म्हणून माहीत होती. सेकिनात पहिली. लुकुमान किती वर्षांनी मागून झाला, तोवर ते नाव आईच्या अंगाला बसून गेलं होतं. गिऱ्हाईक त्याच नावाने विचारत यायचं, उधारीवाला त्याच नावाने शिव्या द्यायचा, आणि लहान सेकिनात दुकानाच्या कडेला उभी राहून आपलंच नाव दिवसभर दुसऱ्या कुणासाठी ऐकायची आणि तिला वाटायचं, आपण दोघी मिळून एक बाई आहोत.

लुकुमान तिला चालीवरून ओळखून आला. पांढरा झगा, पांढरी टोपी, डोळे सुजलेले. तिला एकदम दया आली.

‘नाव तेच टाकणार होतो, ताई. आईशप्पथ. छापणाऱ्यानंच विचारलं, ती व्हिडिओवाली सेकिनात का? आणि हसला. तिथं कमिटीचे लोक होते. मग ते म्हणाले, राहू दे, मुलाच्या नावानं टाका, वाद नको.’

‘बरं.’

‘आईला आता काय फरक पडतो?’

लुकुमान तिच्या डोळ्यांकडे पाहत राहिला, मग त्याने हात जोडल्यासारखे केले. ‘अजून वेळ आहे. मुख्य दुवा व्हायची आहे. तू आत्ता टाकलास, तर मी स्वतः माइक घेतो आणि नाव घेतो. इया सेकिनात म्हणून. सगळ्यांच्या देखत. मौलवीसाहेबांशी बोललोय मी.’

एवढं त्याने मिळवलं होतं, आणि मिळवताना त्याला बरंच ऐकून घ्यावं लागलं असणार.

घराच्या मागे पाण्याची पिंपं होती. पिंपांच्या आणि भिंतीच्या मधल्या जागेत ती उभी राहिली, बुरखा वर केला, फोन समोर धरला. काचेत एक थकलेली बाई दिसली, तिच्यामागे शेवाळ. तिने बटण दाबलं. अस्सलाम आलेकुम, ती म्हणाली, आणि पुढचं सगळं आपोआप आलं. आवाज आधी खाली गेला, मग ‘माझी आई’ म्हणताना फाटला, नेमका तिथेच फाटला जिथे फाटायला हवा. डोळा भरला, पण वाहिला नाही. मान खाली गेली आणि ‘सैतान’ हा शब्द मानेबरोबर खाली गेला, जवळजवळ न ऐकू येण्याइतका. शेवटी एक श्वास. ती थांबली. तिने तो लावून पाहिला. अप्रतिम होतं. तिने आजवर केलेल्या कामांतलं हे सगळ्यात चांगलं होतं, एकही गोष्ट बदलावी अशी नव्हती. सगळं शहर हे पाहून रडलं असतं, टोमॅटोवाली रडली असती, आकिनलोये म्हणाला असता, बघा, याला म्हणतात पश्चात्ताप. पाहता पाहता तिला थंडी वाजून आली. कबरीपाशी ती खरी होती, ते त्यांना नको होतं. हे त्यांना हवं होतं. यातला एकही अश्रू आईचा नव्हता. आईसाठी तर तिला अजून रडूच आलं नव्हतं, आठ दिवसांत नाही. कुठल्या आवाजात रडायचं ते कळत नव्हतं, प्रत्येक आवाज कुठल्या तरी सिनेमात वापरून झालेला होता. मांडवातून वाचण्याचा एकसुरी गुंजारव येत होता, मधमाश्यांसारखा, वर न जाणारा आणि खाली न येणारा. अंगठा फिरत राहिला. पाठवलं तर आईला नाव परत मिळत होतं. तिने तो व्हिडिओ पुसून टाकला, आणि पुसल्यावर काही हलकं वगैरे वाटलं नाही, फक्त हातात फोन राहिला आणि आईचं नाव गेलं. ते तिने स्वतः घालवलं होतं. तिने बुरखा खाली केला.

पिंपांच्या पलीकडे चुली होत्या. तीन दगडांवर एकेक मोठं पातेलं, एकात भात लाल होत होता, एकात तेल, तेलात वाटलेल्या चवळीचे वडे फुगून वर येत होते. बायका धुरातून एकमेकींवर ओरडत होत्या. एका बुटक्या लाकडी चौरंगावर एक खूप म्हातारी बाई बसली होती, डोळ्यांत दूध साकळलेलं. सेकिनातने तिला लगेच ओळखलं: इया बाशिरु, बाजारात आईच्या शेजारचं दुकान. पुढे कर्ण्याचा आवाज फार म्हणून तिला इथे आणून बसवलं असावं. सेकिनात तिच्या शेजारी जमिनीवर बसली, गुडघे मुडपून, जशी लहानपणी दोन दुकानांच्या मधल्या फटीत बसायची. म्हातारीने विचारलं नाही कोण. आठव्याला कुणीही येऊन बसतं.

‘अल्हाजा, ताट घेता?’ तेलाजवळची बाई ओरडली. सेकिनातने मानेने नको म्हटलं. ‘घ्या हो, लाजताय काय. लांबून आलात ना? पाहुण्यांना आधी वाढतोय.’

पाहुणी. लहानपणी प्रत्येक कार्याला आई तिला पातेल्यांजवळ उभी करायची आणि खायला द्यायची नाही. वास नाकात, पोटात खड्डा, आणि बाहेरची माणसं खाऊन हात धुताहेत. भूक लागली म्हटलं की आई म्हणायची, लागू दे.

पुढे टाळ्यांसारखा गलका झाला. गनियू आला होता. माइकवर तो आधी खोकला, त्या खोकल्यालाही लोक खुश झाले. तो चांगलं बोलला. सेकिनातच्या आईने त्याला एकदा कापड कसं महाग विकलं ते त्याने सांगितलं, लोक हसले. मग त्याने सगळ्या आयांसाठी दुवा मागितली, आणि एका ठिकाणी अरबी अडलं तेव्हा मौलवीसाहेबांनी प्रेमाने पुढचा शब्द पुरवला, आणि लोकांनी त्या अडखळण्यालाही आमीन म्हटलं. मग तो म्हणाला, ‘या सर्व आयांत आज आपली आई, इया लुकुमान. अल्लाह इया लुकुमानची कबर रुंद करो.’ आमीन, गल्ली म्हणाली. सेकिनातचे ओठ कापडाआड हलले. बाहेर काही आलं नाही. तिचा आमीन एकदा बाहेर पडला की सगळे मान वळवतील, हा आवाज कुणाचा ते पोरासोरांना माहीत आहे. फोन वर होतील. आणि उद्या सकाळी आकिनलोये विचारील, बाई, काल कुठल्या देवाला. आपल्या आईला आमीन म्हणायची सोय तिला राहिलेली नव्हती.

‘कोण लुकुमानची आई?’ इया बाशिरु म्हणाली. ती मोठ्याने बोलली, कर्ण्याच्या वर आवाज चढवून. ‘मी कुणाच्या आठव्याला आलेय?’

‘याच घरच्या आजींच्या, मावशी,’ तेलाजवळची बाई म्हणाली.

‘या घरात सेकिनातची आई राहायची.’

‘त्याच त्या.’

‘मग तसं म्हणा की. मला वाटलं चुकीच्या मांडवात बसवलं मला.’

बाईने झारा निथळत ठेवला आणि वाकून आवाज खाली आणला. ‘मावशी, ते नाव आज घ्यायचं नाहीये. ती मुलगी नाही का, सिनेमातली. तिच्यावरून वाद आहे.’

‘कसला?’

‘धर्माचा.’

म्हातारीने यावर थोडा विचार केला, किंवा नुसतंच तोंड हलवलं. ‘माझा बाशिरु रांगत होता तेव्हाच गेला,’ ती म्हणाली. ‘त्याला मी नीट पाहिलंसुद्धा नाही. मला काय म्हणता तुम्ही?’

‘इया बाशिरु.’

‘हं,’ म्हातारी म्हणाली. जणू कापडाची पट्टी मोजून झाली. मग तिने दोन्ही तळवे उघडून मांडीवर ठेवले, मांडवाकडे पाठ असूनही वळली नाही, आणि कर्ण्यातला आवाज चालू असतानाच आपली वेगळी दुवा मागू लागली, बाजारात भाव सांगावा तशी. ‘अल्लाह, सेकिनातच्या आईला जागा दे. तिचे पाय दुखायचे, तिला फार चालवू नकोस. तिच्या सेकिनातकडं बघ.’

आणि ती थांबली. दुवा मागणारा थांबतो तेव्हा दुसऱ्या कुणीतरी आमीन म्हणायचं असतं. तेलाजवळची बाई वड्यांकडे वळली होती. दुसरी भात हलवत होती. तिसरी कुणाच्या तरी नावाने पाणी मागत होती. तळवे उघडे होते.

‘आमीन,’ सेकिनात म्हणाली.

ती स्वतःच दचकली. हा आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. बारीक होता, कोरडा, मधेच चिरका. त्यात घंटा नव्हती, गळा नव्हता, काही शिकलेलं नव्हतं. कुणीही मान वळवली नाही. भात हलवणारी भात हलवत राहिली. पुढे गनियू आणखी काही बोलला आणि गल्ली पुन्हा हसली, आणि त्या हसण्याच्या मागे, धुरात, सेकिनात तो आवाज पुन्हा यायची वाट पाहत बसली, तोंडात आल्याचा तुकडा धरून बसावं तशी. तो आला नाही. त्याच्या जागी डोळ्यांतून पाणी आलं, विनासूचना, नाकातूनही आलं, फेलिशियाचं सैल कापड ओलं होऊन ओठांना चिकटलं.

इया बाशिरुने त्या आवाजाकडे मान कलती केली होती. तिचा हात चौरंगावरून खाली आला, हवेत थोडा शोधत राहिला, मग सेकिनातच्या डोक्यावर टेकला आणि तिथेच राहिला, जसा गुंडाळ्यावर ठेवतात, वाऱ्याने उलगडू नये म्हणून.

‘घ्या, अल्हाजा,’ तेलाजवळची बाई ताट घेऊन आलीच होती, लाल भात, वर दोन वडे, ‘पाहुण्यांनी उपाशी जाऊ नये, गेलेलं माणूस तळमळतं.’

‘तिला नको,’ म्हातारी म्हणाली. ‘परत ने. घरची आहे ती. घरची माणसं मागून जेवतात.’